कानाने पाहिलेली शर्यत

गाडीचे दिवे बंद आहेत, आणि गाडी थांबलेली नाही.

तुम्ही उजवीकडे बसला आहात. खरं तर तिथं सीट नाहीच. एका लाकडी खोक्यावर गुडघे पोटाशी घेऊन टेकला आहात आणि एका हातानं दाराची कडी घट्ट धरली आहे. मागची सीटही काढलेली. त्या जागेत पार छपरापर्यंत बरण्या रचल्या आहेत, लोणच्या-मुरंब्याला वापरतात तसल्या काचेच्या, अर्ध्या गॅलनच्या. वरून घोंगडी आवळून बांधली आहे, तरी प्रत्येक वळणावर काचेला काच लागते आणि बारीक किणकिण होते. स्टिअरिंगवर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आहे. तो समोर बघतच नाही असं तुम्हाला वाटतं, आणि ते खरंही आहे. अमावास्या दोन दिवसांवर आली आहे. समोर दिसण्यासारखं आहे काय? तो वर बघतोय. दोन्ही बाजूंच्या झाडांमधून आभाळाची एक फिकट पट्टी सुटली आहे. ती जिथं वळते तिथं रस्ता वळतो.

शनिवारची रात्र उलटून रविवार लागला आहे. तारीख १८ मे १९४७. अमेरिकेतलं उत्तर कॅरोलिना राज्य, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याची विल्क्स काउंटी. हा रस्ता ४२१ नंबरचा. डोंगरातून उतरतो, विल्क्सबरोवरून जातो आणि विन्स्टन-सेलम या सिगारेटींच्या कारखान्यांच्या शहराकडे निघतो. बरण्या तिकडेच चालल्या आहेत.

मघाशी मागे दोन दिवे दिसले होते, म्हणून यानं आपले विझवले. आता मागे काही नाही. तरी तो दिवे लावत नाही. इंजिनाचा आवाज तेवढा बदलतो: चढ आला की घोगरा, उतारावर मोकळा, वळणाच्या आधी गिअर पाडला की एक उसळी. थोड्या वेळानं तुम्हालाही नुसत्या आवाजावरून कळायला लागतं की आता काय येणार. या कानाची आठवण ठेवा. दुपारी तो लागणार आहे.

बरण्यांमध्ये मक्याची दारू आहे, पाण्यासारखी स्वच्छ. इथले लोक बरणी हलवतात आणि वर आलेले बुडबुडे किती मोठे, किती वेळ टिकतात यावरून तिची ताकद सांगतात. आपल्याकडे जिला पहिल्या धारेची म्हणतात, तिची ही चुलत बहीण. या डोंगरउतारांवर शेतं लहान आणि रस्ते वाईट. गाडीभर मका बाजारात नेला तर भाडंसुद्धा सुटत नाही. तोच मका भट्टीतून काढला की तेवढ्याच वजनाला कितीतरी पट पैसे. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं. सरकारला अडचण दारूची नाही, कराची आहे. महायुद्धात, १९४४ मध्ये, कर गॅलनमागे ९ डॉलरवर गेला, तो अजून तसाच आहे. जो कर भरत नाही त्याचा माल स्वस्त. आणि जो स्वस्त माल रात्रीतून शहरात पोचवतो तो गुन्हेगार. साखर अजून रेशनवर आहे, म्हणजे भट्टीवाल्याला साखरेसाठीही चोरवाटा शोधाव्या लागतात.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे ही मंडळी तुम्हाला आवडायला लागतील. कुठल्या भट्टीत वाफ थंड करायला जुन्या मोटारीचा रेडिएटर लावलेला असतो, आणि त्याच्या डाखातलं शिसं दारूत उतरतं. ती पिऊन माणसं मेलेली आहेत. या बरण्यांनी किती घरं धुळीला मिळवली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मुंबई इलाख्याच्या हातभट्ट्यांविषयी जे म्हणायचं तेच इथंही म्हणावं लागेल. पण या पोराच्या हातात जे आहे ते दारूपेक्षा वेगळं आहे, आणि माझं सगळं लक्ष त्यावर आहे.

गाडी म्हणजे १९३९ ची फोर्ड कूपे. फोर्डनं १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, आणि या डोंगरांचं नशीब बदललं. या गाडीत ते कारखान्यातून ८५ अश्वशक्तीचं येतं. गावच्या मेस्त्रीनं त्यावर एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवले आहेत आणि सिलिंडरची भोकं मोठी करून घेतली आहेत. आणि मागच्या ॲक्सलवर जो आडवा पाटा असतो, त्यात जादा पानं भरली आहेत. शंभर गॅलन माल म्हणजे नुसता द्रव साडेतीनशे किलो, काच वेगळी. साध्या पाट्यावर गाडी मागून बसली असती आणि कुठल्याही शिपायानं ओळखली असती. या पाट्यावर ती भरलेली असताना सरळ दिसते. रिकामी झाली की मात्र तिचा मागचा भाग टोळासारखा वर उचलला जातो. पहाटे परतताना पकडले जाण्याची भीती त्या उचललेल्या पाठीचीच.

माल उतरतो. कुठं, कुणाकडे, हे तुम्ही बघू नका. तोही बघत नाही. परतीच्या वाटेवर उजाडायला लागतं. फाट्यावर वळताच समोर गाडी आडवी दिसते. तो ब्रेक दाबून थांबत नाही. दुसरा गिअर टाकतो, स्टिअरिंग एकदम हिसडतो, मागची चाकं मातीवरून फिरतात, तुमचं डोकं दारावर आपटतं, आणि धूळ खाली बसण्याआधी तुम्ही आल्या दिशेनं निघालेले असता. आडवी गाडी दुधाची होती. पोरगा पहिल्यांदा हसतो.

घरी पोचता तेव्हा चुलीवर कॉफी तयार आहे. त्याची आई रात्रभर झोपलेली नाही. ती काही विचारत नाही. गाडी अजून दोन मैलांवर, नदीच्या पुलापाशी असतानाच तिनं पातेलं चढवलं होतं. ही गाडी आपली, आणि तिचा कुठलाही सिलिंडर चुकत नाही, म्हणजे पोरगा धड आहे, एवढं तिला अंथरुणातून ऐकू येतं. त्यानं गाडी चालवलेली तिनं कधी पाहिलेली नाही. कुणीच पाहिलेली नाही. हे काम ज्याला उत्तम जमतं, त्याचं काम कुणाच्या दृष्टीस पडत नाही. दिसलं तर ते बिघडलं असं समजायचं.

आज ते दिसणार आहे.

*

दुपारी त्याच रस्त्याला तुम्ही पुन्हा लागता, आणि पुढे जाता येत नाही. गाड्यांची रांग. बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटावर गावंच्या गावं लोटतात, तसे लोक ट्रकच्या हौद्यांत उभे राहून चालले आहेत. ईनॉक स्टेली नावाच्या इथल्याच माणसानं दोनेक वर्षांपूर्वी दक्षिण कॅरोलिनात एक मोटारशर्यत पाहिली. गर्दी बघून त्याच्या मनात आलं, हे आपल्या गावात का नाही? दोन-तीन भागीदार घेतले, शेतजमीन घेतली, आणि डेटोनाला शर्यती भरवणाऱ्या बिल फ्रान्स या उंचपुऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं सांगितलं, तुम्ही धावपट्टी बांधा, खेळ मी भरवतो.

हाताशी पैसे होते १५०० डॉलर. जमीन उताराची होती आणि ती सपाट करण्याआधीच पैसे संपले. म्हणून समोर तुम्हाला दिसतंय ते असं आहे: लाल मातीची, सव्वासहा दशांश मैलांची, म्हणजे जवळजवळ बरोबर एक किलोमीटरची वाटोळी वाट, जिची पुढची बाजू उतार आहे आणि मागची चढ. पैसे असते तर ही चूक सुधारली असती. मला वाटतं, ती सुधारली नाही म्हणूनच ही धावपट्टी या मुलखाची झाली. सपाट वर्तुळावर गाडी पळवणं हा शहरातल्या माणसांचा खेळ. उतारावर सोडलेली गाडी वळणात आवरायची आणि चढाला पुन्हा दम भरायचा, हे इथली पोरं रोज रात्री करतात.

तीन हजार माणसं येतील असा स्टेलीचा हिशेब होता. दहा हजारांच्या वर आली आहेत. बांधावर, गाड्यांच्या टपांवर, जागा मिळेल तिथं. रविवार आहे, बाप्टिस्टांचा मुलूख, सकाळी प्रवचन ऐकून तेच कपडे अंगावर घेऊन आलेल्या बायका तुमच्या पुढेमागे आहेत. आई तुमच्या शेजारी बसली आहे, मांडीवर रुमाल पसरून.

तुम्ही जिथून आलात तिकडची आठवण झाली असेल तर सांगतो. आज माउंटबॅटन सत्तांतराची योजना घेऊन दिल्लीहून लंडनला निघाले आहेत. आणि आठच दिवसांपूर्वी पंढरपुरात साने गुरुजींनी उपोषण सोडलं; विठ्ठलाच्या देवळाची दारं दलितांना उघडावीत म्हणून ते बसले होते. ती दारं उघडायची ठरली. इथं, या राज्यात, बसमधली जागा, शाळा, पाण्याचे नळ कातडीच्या रंगावर वाटलेले आहेत, आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या गाड्यांत एकही काळा माणूस नाही. गाडी हाणणारा काळा माणूस नाही असं मात्र नाही. राज्याच्या सीमेपलीकडे डॅनव्हिलमध्ये वेंडेल स्कॉट टॅक्सी चालवतो, मोटारी दुरुस्त करतो आणि दारूही वाहतो. पोलिसांना तो इतका चांगला ठाऊक आहे की पुढे शर्यतवाल्यांना त्याचं नाव पोलिसच सुचवतील. पण त्याला अजून पाच वर्षं थांबायचं आहे. आणि १९६३ मध्ये जॅक्सनव्हिलला तो जिंकेल तेव्हा प्रेक्षकांसमोर करंडक दुसऱ्याच्या हातात जाईल. अंधारातलं कसब उजेडात आणणारी ही वाट सगळ्यांना एकदम खुली झाली नाही.

गाड्या उभ्या राहतात. मडगार्ड उतरवलेली, काचा काढलेल्या, दारं उघडू नयेत म्हणून कमरेच्या पट्ट्यानं बांधलेली. चालवणारे शर्टाच्या बाह्या दुमडून, डोळ्यांवर गॉगल. अटलांटाहून फ्लॉक बंधू आले आहेत. त्यांचं घराणंच दारूच्या धंद्यातलं. बारीक मिशीचा फॉन्टी फ्लॉक शाळकरी वयात सायकलवरून बरण्या पोचवायचा. १९४१ मध्ये डेटोनाच्या वाळूवर त्याची गाडी कोलांट्या खात गेली, बरीच हाडं मोडली, आणि मधली युद्धाची वर्षं त्याच्या शर्यतीविना गेली. तो परत आला आहे. त्याच्या कितीतरी मागे, शेवटून तिसऱ्या ओळीत, सकाळची फोर्ड उभी आहे. बरण्या नाहीत, मागचा भाग वर उचललेला.

कर्ण्यातून नावं वाचली जातात. त्याचंही वाचलं जातं, आडनावासकट, दहा हजार माणसांसमोर. आई इकडेतिकडे बघते. खालच्या रांगेत गणवेश न घातलेला एक माणूस बसला आहे. तो एक्साइजचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आपल्याला ओळखलंय हे त्यालाही माहीत आहे. तो नुसता शेंगा सोलत बसला आहे. नाव ऐकून तो मान वर करत नाही. त्याचाही कानच तयार झालेला असणार.

निशाण पडतं, आणि पहिल्या वळणानंतर तुम्हाला काहीही दिसत नाही.

सकाळी पाणी मारलं होतं, ते उन्हानं कधीच पिऊन टाकलं. लाल मातीचा असा लोट उठतो की पलीकडची बाजू नाहीशी होते. तो तुमच्या केसांत, नाकात, दातांखाली, आईच्या रविवारच्या कपड्यांवर. गाड्या धुळीतून बाहेर येतात, समोरून उतारानं जातात आणि पुन्हा धुळीत शिरतात. वळणात पुढची चाकं एकीकडे आणि गाडी दुसरीकडे चाललेली. मातीत असंच वळावं लागतं: आधी मागचा भाग सुटू द्यायचा, मग तो सुटतोय त्या दिशेला चाक फिरवायचं आणि पाय उचलायचा नाही. हे शिकवणारं पुस्तक नाही. हे फक्त अशाच माणसाला येतं, ज्याला पाय उचलणं परवडणारं नव्हतं.

लोक उभे राहून ओरडतायत. आई बसलेली आहे, आणि तिनं डोळे मिटले आहेत. तुम्ही वाकून तिच्याकडे बघता. ती घाबरलेली नाही. ती तेच करते आहे जे तिनं चार वर्षं अंथरुणात पडून केलं.

“चढाला आहे,” ती म्हणते.

तुम्हाला पंचवीसेक इंजिनांची एकच गर्जना ऐकू येते.

“आता पाडला गिअर. आत घेतोय... एकाला मागे टाकलं.”

धुळीतून फोर्ड बाहेर येते. तिच्या मागे मघाशी पुढे असलेली गाडी आहे.

असं तीन-चारदा होतं. मग तिसऱ्या वळणावर कुणीतरी आडवा होतो, पाठोपाठ दोघं त्याच्यावर जातात, पत्र्याचा आवाज येतो, लोकांचा एक मोठा श्वास. आईचे ओठ हलत नाहीत. तुम्ही धुळीत डोळे फाडून बघताय आणि तुम्हाला त्या पूर्ण वेळात काहीच कळत नाही. “बाजूनं गेला,” ती म्हणते, आणि रुमालाची घडी उलगडून परत घालते.

फॉन्टी फ्लॉक जिंकतो. पहिली शर्यत, या धावपट्टीवरची पहिली, त्याच्या नावावर लागते. आपला पोरगा मधेच कुठंतरी येतो. रेडिएटर उकळून शेवटचे फेरे त्यानं गाडी सांभाळत काढले. या इंजिनाचा तो जुना रोग आहे. पण उतरल्यावर त्याच्याभोवती गावातली पोरं जमतात, बॉनेटवर हात ठेवतात, भाजून मागे घेतात. कुणीतरी त्याला विचारतं, वळणात एवढा आत कसा जातोस? त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आजवर हे त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि उत्तर देणं म्हणजे कबुलीजबाब देणं, ही सवय अंगात भिनलेली.

*

पुढचा काळ भराभर बघा, कारण तो माहितीतला आहे. त्या दिवसांत बक्षिसाचे पैसे घेऊन आयोजकच पळून जायचे. गाडीवाले धूळ झटकत रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहायचे. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोनाच्या एका हॉटेलात बिल फ्रान्सनं सगळ्यांना बसवलं, आणि तिथं नॅसकार ही मोटारशर्यतींची संघटना ठरली. नियम आले, गुण आले, हिशेब आले.

१९ जून १९४९ ला शार्लटला या. ज्या गाड्या दुकानातून मिळतात तशाच गाड्यांची पहिली शर्यत. ग्लेन डनवे १९४७ ची फोर्ड घेऊन पहिला येतो, तीन फेऱ्यांनी पुढे. मग तपासनीस गाडीखाली जातात आणि मागच्या पाट्यापाशी थांबतात. पाटा फाकवून कडक केलेला. दारूच्या गाड्यांचा तो उपाय तुम्ही ओळखाल. पहिला नंबर काढून घेतला जातो आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला दिला जातो. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला. कायदा एक्साइजचा नव्हता, खेळाचा होता. तरी पुरावा तोच निघाला.

त्याच उन्हाळ्यात विल्क्समध्ये परत या. सकाळची वेळ, मक्याचं शेत. अठरा वर्षांचा एक मुलगा अनवाणी, खेचराच्या मागे नांगर धरून चालला आहे. त्याचं नाव ज्युनियर जॉन्सन. चौदाव्या वर्षापासून तो माल वाहतोय. तो लहान असताना त्याच्या वडिलांच्या घरावर धाड पडली होती, आणि बरण्यांची खोकी जिन्यावरून खाली घसरवत नेत होते तेव्हा पोरं त्यांवर बसून घसरगुंडी खेळली, असं तो पुढे सांगणार आहे. बांधावरून त्याचा भाऊ येतो. धावपट्टीवर गावातल्या पोरांची एक जादा शर्यत लावायची आहे, माझी गाडी तू चालव. मुलगा खेचर सोडतो, घरी जाऊन बूट घालतो. त्या दिवशी तो दुसरा आला. पहिला आला ईनॉकचा धाकटा भाऊ ग्विन स्टेली. रस्त्यावर ज्युनियर जॉन्सनला एक्साइजवाले कधीच पकडू शकले नाहीत. १९५६ मध्ये पकडला तो पायी, वडिलांच्या भट्टीपाशी, आणि अकरा महिने तुरुंगात राहिला. शर्यती त्यानं पन्नास जिंकल्या.

आपल्या पोराचं नाव तुम्हाला कुठल्या यादीत सापडणार नाही. तशी पुष्कळ होती.

शेवटचं एकदा त्याच्या घरी चला. १६ ऑक्टोबर १९४९, रविवार, दिवेलागण. ब्रशी डोंगरावरच्या बागांतली सफरचंदं उतरवायचे दिवस, हवेत तोच वास. आज इथल्याच, उत्तर विल्क्सबरोच्या धावपट्टीवर दुकानातल्या गाड्यांची मोसमातली शेवटची शर्यत झाली. बॉब फ्लॉक जिंकला, आणि मोसमाचा पहिला मानकरी ठरला रेड बायरन, ज्याचा युद्धात जखमी झालेला पाय क्लचला पट्टीनं जोडलेला असतो. आपला पोरगाही धावला. काल संध्याकाळी त्यानं गाडीखाली जाऊन जाड पाटा काढला आणि कारखान्याचा घातला, कारण शार्लटनंतर तपासनीस सगळीकडे वाकून बघतात. आता तो परत गाडीखाली आहे. जाड पाटा गोठ्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता, तो उतरवलाय. आई कंदील धरून उभी आहे, आणि एका हातानं त्याला पाना देते आहे.

बोल्ट आवळून होतात. तो हात पुसतो. परसातून बरण्या यायला लागतात. तुम्हीही चार उचलून द्या. जड असतात, खाली हात लावून धरा.

रात्री आई आत जाऊन पडते. गाडी अंगणातून निघते, दिवे न लावता. पुलापर्यंत दोन मैल आहेत. तुम्ही ओट्यावर बसता आणि डोळे मिटता. चढ. मोकळा उतार. मग वळणाच्या आधी गिअर पडतो. आतून आईचा आवाज येतो: “आज लवकर पाडला.”